टोळीला बाजार दाखवायचा नाही

माझा मुलगा सचिन पुण्याकडे एका कंपनीत कामाला लागला, त्याला आता आठ महिने झाले. त्याचा फोन आला की त्याची आई विचारते, जेवला का. मी विचारतो, बाजाराला गेला होतास का. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, "बाबा, इथं बाजारात जाऊन काय करू? ठेकेदार किराणा रूमवर आणून देतो. लई चांगला मानूस हाय." तेव्हापासून माझी झोप उडाली. बायको म्हणते, पोरगं सुखात आहे तर यांना खुपून राहिलंय. तिला काय सांगू? मी सव्वीस वर्षं लोकांना किराणा जागेवर आणून दिला. मलाही सगळे चांगला माणूसच म्हणायचे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला हळदीच्या धंद्याबद्दल लिहायला सांगितलं. मी हळद शिजवणाऱ्या टोळीचा मुकादम होतो. ज्यांनी हळद फक्त डब्यात पाहिली आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. संक्रांत झाली की हळदीचा पाला कापतात, जमीन नांगरून कंद वर काढतात. कंद बायका वेचतात, माती झाडतात, गड्डे वेगळे आणि बोटांसारखी हळकुंडं वेगळी करतात. मग ते शिजवायचे. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजवत, आता कुकर असतो. म्हणजे मधे पाण्याची टाकी, खाली जाळ, आणि बाजूला लोखंडी पिंपं. टाकीतली वाफ नळीनं पिंपात सोडायची. जाळाला हळदीचाच वाळलेला पाला नाहीतर कापसाच्या पऱ्हाट्या. शिजली की अंगणभर पसरून पंधरा दिवस वाळवायची, मग ढोलात फिरवून चकाकी आणायची आणि वसमतच्या मोंढ्यावर विकायला न्यायची.

या सगळ्यात खरी अक्कल शिजवण्याला लागते. कमी शिजली तर आत पांढरी राहते, जास्त शिजली तर रंग मरतो. काडी टोचून बघतात, पण मी वासावर सांगायचो. कच्च्या हळदीचा उग्र वास जातो आणि भाजलेल्या भुईमुगासारखा गोड वास सुटतो, त्या क्षणी वाफ बंद. हट्टा गावाकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला माझ्यावर विश्वास नव्हता. तो स्वतः प्रत्येक पिंपापाशी डोळे मिटून नाक लावून उभा राहायचा आणि दर वेळी माझ्यानंतर पाच मिनिटांनी मान हलवायचा. तीन दिवसांनी त्याला वाफेनं सर्दी झाली, तेव्हा आमची सुटका झाली. मोंढ्यात व्यापारी हळकुंड मोडून आवाज ऐकतात. माझ्या टोळीच्या मालाला कुणी नाव ठेवलं नाही, एवढा अभिमान मला आहे.

आता टोळी कुठली, ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे. आमचं गाव सेनगावच्याही आत, डोंगराच्या कुशीत. सकाळी एक जीप सेनगावला जायची, संध्याकाळी तीच परत. मधे ओढा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की जीप पलीकडेच थांबायची. गावात कामाला बोलावणारी घरं चार. सोयाबीन निंदा, तूर कापा, कापूस वेचा, पण सांगतील त्या भावानं. एखादी बाई म्हणाली, एवढ्यात न्हाई येत, तर मालक म्हणायचा, नको येऊ. त्याला ठाऊक असायचं की दुसऱ्या दिवशी ती त्याच्याच बांधावर येणार. जाणार कुठं?

वसमतकडे तसं नव्हतं. तिथं हळदीची गोदामं, कापसाचे कारखाने, साखर कारखाना, वीटभट्ट्या. सडकेवर उभं राहिलं की एसटी नाहीतर ऑटो. बाईला एकाचं काम पटलं नाही तर ती दुसऱ्याकडे जायची. त्यामुळे आमच्या गावात तीन दिवस राबून जे हाती यायचं ते तिकडे दोन दिवसांत मिळायचं. हात तेच, विळा तोच, ऊनही तेच. फरक एवढाच की तिकडच्या बाईला नको म्हणायला जागा होती.

मी काय करायचो? आमच्या गावची पंधरा-सोळा माणसं, त्यात बाया जास्त, आगाऊ उचल देऊन ट्रॅक्टरमध्ये बसवायचो आणि वसमत तालुक्यात न्यायचो. शेतमालकाकडून तिकडचा भाव घ्यायचो आणि टोळीला गावच्या भावापेक्षा थोडं वर द्यायचो. टोळी खूश, मालक खूश. मधला फरक माझा. त्यात ट्रॅक्टर, डिझेल, उचल बुडायची भीती, हे सगळं होतं, खोटं नाही. पण ते सगळं वजा करूनही माझ्या घरावर स्लॅब पडला, हेही खोटं नाही.

ज्या जुन्या मुकादमाच्या हाताखाली मी शिकलो त्यानं मला शिजवण्याआधी एक गोष्ट शिकवली. टोळीला बाजार दाखवायचा नाही. राहायला शेतातला गोठा मागून घ्यायचा, सडकेपासून जेवढा लांब तेवढा चांगला. दर आठवड्याला प्रत्येकीला विचारायचं, काय लागतं गं, आणि बाजाराच्या दिवशी आपण एकट्यानं वसमतला जाऊन सगळं आणायचं. तेल, मिरची, चहापत्ती, डोकेदुखीच्या गोळ्या. त्यांचा दिवस मोडत नाही, आपलं काम थांबत नाही आणि भाव कानावर जात नाही. बाया म्हणायच्या, मामा किती करतो आमच्यासाठी.

मी तर बांगड्यासुद्धा आणायचो. कामात काचेच्या बांगड्या रोज फुटतात. बाया दोऱ्यानं पंजाचं माप घेऊन मला द्यायच्या. माझ्या खिशात असे दहा-बारा दोरे असायचे, ओळखायला कुणी एक गाठ मारलेली, कुणी दोन. वसमतला रशीदभाई मनियारांचं दुकान होतं. त्यांच्या आज्याच्या काळापासून बांगड्यांचाच धंदा. ते दोरा बोटांवर ताणायचे आणि न बघता डबा काढायचे. दर वेळी एकच बोलायचे, "मुकादम, बांगड्या दोऱ्यानं भरत न्हाईत, हातानं भरतात. एकदा बायांना घेऊन या की. मी काय खाऊन टाकून राहिलो त्यांना?" मी म्हणायचो, काम लई आहे रशीदभाई. ते हसून दोरे परत द्यायचे. आता वाटतं, त्यांना सगळं कळत होतं.

ते वर्ष सांगतो. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. हट्ट्याच्या पुढे नदीच्या अंगाला बालाजीराव नावाच्या शेतकऱ्याकडे आमचा तळ होता. मोबाइल टोळीत एकच, तो माझ्या खिशात, आणि नदीकाठी त्यालाही रेंज नसायची. टोळीत कांता होती. तिशीतली, मेंढ्या राखणाऱ्या घरातली, जिभेनं तिखट आणि हातानं त्याहून चलाख. तिचा दोरा दोन गाठींचा. कुकरवर मी तिलाच ठेवायचो, कारण वास ओळखणारी माझ्यानंतर तीच.

त्या दुपारी दोन पिंपं एकदम तयार झाली. मी घाई केली. एका पिंपाची वाफ बंद केली आणि ओरडलो, उघड. कांतानं दुसऱ्याचं झाकण उघडलं. चूक कुणाची, यावर नंतर टोळीत बरंच बोलणं झालं. माझ्या मते माझी. वाफेचा लोट तिच्या उजव्या हातावर आला, पंजापासून कोपरापर्यंत. दोन्ही हातांतल्या बांगड्या तिनं झटकून दगडावर फोडल्या. कुणी पाणी ओतलं, कुणी दात घासायची पेस्ट फासली. मी मोटारसायकलवर तिला जवळच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं पट्टी बांधली आणि म्हणाला, "हे माझ्या हातचं न्हाई. उद्या सकाळीच वसमतला न्या. बोटांचं काही सांगता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी वसमतचा बाजार होता.

त्या दिवशी दवाखान्याच्या रस्त्यावर सगळा तालुका असतो. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, जिकडेतिकडे मजुरीच्या गोष्टी. तुझ्याकडे काय चाललंय, आमच्याकडे काय. कांताबरोबर तिचा नवरा दत्ता येणार, नणंद येणार. तीन माणसं दिवसभर बाजारात. इकडे बालाजीरावांची अर्धी हळद उपटून ढिगात पडलेली. टोळी बिथरली तर माल सडणार आणि माझं नाव जाणार. मी दत्ताला म्हणालो, "किरकोळ हाय. बाजार होऊन जाऊ दे, परवा सकाळीच नेतो. मी हाय ना."

तो बिचारा म्हणाला, "तुमी हाव तर मग काय काळजी, मामा."

बाजाराच्या दिवशी मी एकटा वसमतला गेलो. किराणा घेतला, गोळ्या घेतल्या. दवाखान्याच्या दारावरून दोनदा गेलो. कुणी ओळखीचं विचारेल म्हणून मान खाली घालून चाललो होतो, आणि विचारण्यासारखं तर कुणालाच काही माहीत नव्हतं. खिशात कांताचा दोन गाठींचा दोरा होता. तो मी काढला नाही. संध्याकाळी परत आलो तर ती गोठ्याच्या भिंतीला टेकून हात छातीशी धरून बसली होती. ताप चढला होता. मला बघून म्हणाली, "मामा, बांगड्या आनल्या का? डाव्या हातात तरी घालते. असा भुंडा बरा दिसत न्हाई." मी म्हणालो, राहिल्या. दोरा खिशात असून मी तो काढलाच नव्हता, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी नेलं. वसमतच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली तर हात चिघळलेला. त्यांनी दत्ताकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "कालच काहून न्हाई आणलं?" दत्ताच म्हणाला, काल बाजार होता साहेब. डॉक्टरांना त्याचा काही अर्थ लागला नाही. औषधं घ्यायला त्यांनी दत्ताला पाठवलं.

बाहेर आल्यावर कांता म्हणाली, "मामा, तुमच्या मनियाराचं दुकान दावा. दोन बांगड्या घालते." हात भाजलेल्या बाईला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? दोरे खिशात असून मी तिला घेऊन गेलो. मी पायरीवर थांबलो, चप्पल न काढता. आत गोदामात हळद निवडणाऱ्या चार-पाच बाया बसल्या होत्या, नखांमध्ये पिवळं भरलेलं. रशीदभाईंनी कांताचा डावा हात हातात घेतला, बोटं जुळवून दाबली आणि थांबले.

"अरे," ते म्हणाले, "ही तर माझी दोन गाठीवाली. किती वर्सं झाली, आज हात बघून राहिलो."

बाया हसल्या. एकीनं विचारलं, "कोन्या टोळीतली गं तू? हाताला काय झालं?" कांतानं सांगितलं. मग तो प्रश्न आला, जो येणार हे मला सव्वीस वर्षं माहीत होतं. "काय मिळून राहिलं तुमाला?"

कांतानं आकडा सांगितला. थोडा ठसक्यातच सांगितला, कारण आमच्या गावच्या हिशेबानं तो चांगला होता. एक म्हातारी होती, तिनं कांताच्या पट्टीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "येवढ्यातच हात भाजून घेतला व्हय बाई? आमी सावलीत बसून हळद निवडतो, तरी याच्या सव्वापट घेतो."

रशीदभाईंनी माझ्याकडे वर पाहिलं नाही. ते बांगड्या भरत राहिले. दोन भरल्या आणि पैसे घेतले नाहीत.

परतीच्या रस्त्यावर कांता माझ्या मागे बसली होती, दत्ता एसटीनं येणार होता. मला वाटत होतं, बोल, शिव्या दे. मी आरशात बघायचो तर ती रस्त्याच्या कडेची गोदामं बघत होती, पाट्या बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. ती मोजून राहिली असावी, वसमतपासून आमचा गोठा किती लांब आहे ते.

दुसऱ्या सकाळी कुकर पेटला नाही. टोळी गोठ्यासमोर बसून होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. बालाजीराव येऊन विचारून गेले, काय झालं मुकादम, माल पडलाय. कांता पुढं आली. म्हणाली, "मामा, हळद आमी शिजवतो. उपटलेला माल सडू देनार न्हाई, त्यात शेतकऱ्याचा काय गुन्हा? पन आजपासून वसमतच्या भावानं. आन् दर बाजाराला आमी जाऊ, तुमी गोठ्यावर थांबा."

मी म्हणालो, माझा ट्रॅक्टर, माझी उचल. ती म्हणाली, "ते कापा की. आमी कधी न्हाई म्हनलं? तुमी वाईट मानूस न्हाई, मामा. तुमी फकस्त आमाले लांब ठेवलं." मग तिनं विचारलं, "त्या दिवशी न्हाई नेलं, ते बाजारामुळंच ना?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायची हिंमत झाली नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

भाव मी दिला. त्या हंगामात मला काही उरलं नाही आणि दर बाजाराला मी गोठ्यावर बसून राहिलो. कांताचा हात महिन्यानं भरला, पण शेवटची दोन बोटं वळेनात. मूठ आजही पूर्ण मिटत नाही. डॉक्टर म्हणाले होते, एक-दोन दिवस आधी आली असती तर सांगता आलं असतं. बरं झालं असतं असं ते म्हणाले नाहीत. सांगता आलं असतं, एवढंच म्हणाले. त्या वाक्यावर मी कधी हलका होतो, कधी जड.

पुढच्या वर्षी टोळी माझ्याबरोबर आली नाही. कांता आणि आणखी पाच जणींनी वसमतला खोली केली आणि गोदामात निवडायला बसल्या. ती डाव्या हातानं निवडायला शिकली. आणि गंमत अशी की सहा बाया गावातून गेल्या आणि गावातल्या निंदणीचा भाव चढला. ज्या मालकांनी आयुष्यात कधी दोन रुपये वाढवले नव्हते ते सकाळी बायांच्या दारात जाऊन, बाई, येता का, असं विचारू लागले. मला पारावर शिव्या पडल्या, मुकादमानं गाव बिघडवलं म्हणून. मी शिव्या खाल्ल्या, सांगितलं नाही की बिघडवणारा मी नव्हतो. दुसऱ्याचा मान फुकट मिळाला तर कोण परत देतो? पुढे दहा वर्षं छोट्या टोळ्या नेल्या, उघड्या भावानं नेल्या. मग गुडघे गेले आणि धंदा सोडला.

मला वाटलं होतं, आता ते दिवस संपले. लेकरांच्या हातात मोबाइल आहेत, कुठला भाव कुठं लपणार? म्हणून परवा सचिनला विचारलं, तुझ्या बाजूच्या कंपनीत काय देतात. तो म्हणाला, "काय म्हाईत. कंपनीची बस रूमवरून गेटात नेते, गेटातून रूमवर आनते. ठेकेदार म्हनतो सगळीकडं येकच हाय." मी म्हणालो, सुट्टीच्या दिवशी बाहेर पड, चहाच्या टपरीवर बस, कुणाशी बोल. तो म्हणाला, बाबा, बारा तास उभं राहून आल्यावर टपरी दिसत न्हाई.

आज सकाळी त्याच्याऐवजी त्याच्या रूममधल्या पोराचा फोन आला. सचिनचा हात मशीनमध्ये आला आहे. बोटं आहेत, पण सुजली आहेत, हलत नाहीत. मी ठेकेदाराचा नंबर घेतला आणि लावला. आवाज गोड, आमच्याच मराठवाड्याकडचा. म्हणाला, "काका, किरकोळ हाय. माल जायचा हाय उद्या, तेवढा होऊन जाऊ द्या, परवा सकाळीच नेतो दवाखान्यात. मी हाय ना."

बायको विचारत होती, काय म्हणतो, काय म्हणतो. मी फोन ठेवला आणि वसमतला कांताला लावला. का लावला, मला सांगता येणार नाही. या जगात ज्या माणसाला माझ्यावर थुंकायचा हक्क आहे त्याच माणसाला मला विचारावंसं वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मागे गोदामातल्या बायांचा आवाज येत होता.

ती म्हणाली, "मामा, परवा न्हाई. आज निघा."

सेनगावच्या स्टँडवर बसून हे शेवटचं पान लिहितो आहे. पुण्याची गाडी यायला अजून अर्धा तास आहे, आणि मी चौथ्यांदा चौकशीच्या खिडकीवर जाऊन आलो.